गाणं सिनेमाला दे, मालकी तुझ्याकडे ठेव

पत्र असं आहे:

"ताई, मी नाशिकची, वय सत्तावीस. शाळेत संगीत शिकवते आणि स्वतः गाणी लिहून, चाल लावून गाते. एका माणसापासून वेगळी होताना मी एक गाणं लिहिलं होतं. आमचं भांडण नव्हतं, पण पुढे एकत्र राहणं शक्य नव्हतं. गाणं यूट्यूबवर टाकलं आणि लोकांना आवडलं. आता एका मराठी चित्रपटाच्या दिग्दर्शकाला ते हवंय. गाणं माझ्याऐवजी एक नावाजलेली गायिका गाणार आहे. सिनेमात ते लग्नाच्या प्रसंगात वाजणार आहे. आणि करारात लिहिलंय, की एकरकमी मोबदल्यात शब्द, चाल आणि माझं रेकॉर्डिंग यांचे सगळे हक्क कायमचे, जगभरासाठी निर्मात्याकडे जातील. घरचे म्हणतात, दारात आलेली संधी आहे, सही करून टाक. मला मात्र आपण काहीतरी विकून बसू अशी भीती वाटते. ज्याच्यासाठी गाणं लिहिलं त्याला हे सांगायचं का, तेही कळत नाही."

तुझ्या पत्रात तू तीन काळज्या एकाच सुरात मांडल्या आहेस, आणि म्हणूनच तुझा गोंधळ उडाला आहे. दुसरी कुणी गाणार, प्रसंग वेगळा असणार आणि हक्क जाणार, या तिन्हीचं वजन सारखं नाही. पहिल्या दोन गोष्टी तू मोकळ्या मनाने देऊ शकतेस. तिसरी देऊ नकोस. मी इतकं ठामपणे का म्हणते, ते एका गाण्याच्या गोष्टीतून सांगते. तुझं गाणं ज्या कारणाने जन्माला आलं, जवळपास त्याच कारणाने तेही आलं होतं.

'आय विल ऑल्वेज लव्ह यू' तू व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजात नक्की ऐकलं असशील. आपल्याकडे गाण्याच्या स्पर्धांत आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनात कुणी ना कुणी त्याच्या वरच्या सुरांशी झुंजतच असतं. पण ते लिहिलं डॉली पार्टनने, 1973 साली. डॉली अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगराळ भागातली, बारा भावंडांच्या गरीब घरातली मुलगी. 1967 साली पोर्टर वॅगनर या कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या संगीतातल्या, त्या काळच्या मोठ्या गायकाने तिला आपल्या टीव्ही कार्यक्रमात घेतलं. दोघांची युगुलगीतं गाजली, आणि तिचं नाव घरोघर पोचलं ते त्याच्यामुळे. पण तिला स्वतःची वाट हवी होती आणि त्याला ती सोडून जायला नको होती. वाद घालून तो ऐकत नव्हता, म्हणून तिने गाणं लिहिलं. मी थांबले तर तुझ्या वाटेतली अडचण होईन, म्हणून निघते; तुला सगळं सुख मिळो, माझं प्रेम राहीलच, एवढाच त्याचा आशय. दुसऱ्या दिवशी तिने ते त्याच्या ऑफिसमध्ये जाऊन त्याला ऐकवलं. ती सांगते, की तो रडला आणि म्हणाला, या गाण्याच्या रेकॉर्डचा निर्माता मला होऊ दे, मग तू जा.

म्हणजे प्रेमगीत म्हणून जगभर गाजलेलं हे गाणं मुळात प्रियकराला उद्देशून नव्हतंच. ते एका गुरूवजा सहकाऱ्याला दिलेला निरोप होता. ही गोष्ट लक्षात ठेव, कारण तुझ्या लग्नाच्या प्रसंगाकडे आपण परत येणार आहोत.

1974 साली डॉलीचं रेकॉर्ड आलं आणि अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तीन मिनिटांहूनही छोटं, संथ गाणं, आणि त्यातलं एक कडवं ती गात नाही, नुसतं बोलते. त्याच वर्षी मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'अ‍ॅलिस डझन्ट लिव्ह हिअर एनीमोअर' या चित्रपटात ते वाजलं. तेव्हाच एल्विस प्रेस्लीकडून विचारणा आली, की त्याला हे गाणं गायचं आहे. एल्विस त्या वेळी किती मोठा होता हे तुझ्या घरच्यांना विचार, ते सांगतील. डॉलीचा आनंद गगनात मावेना. पण रेकॉर्डिंगच्या अगदी तोंडावर त्याचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर याने अट सांगितली. एल्विस गातो त्या गाण्याच्या प्रकाशनहक्कांतला, म्हणजे शब्द आणि चालीच्या मालकीतला, निम्मा वाटा त्यांच्याकडे आला पाहिजे, असा त्यांचा शिरस्ता होता.

डॉलीचे हक्क तिच्या स्वतःच्या प्रकाशन कंपनीकडे होते. तिने नाही म्हटलं. मग रात्रभर रडली, हेही तिने अनेकदा मोकळेपणाने सांगितलं आहे. लोकांनी तिला वेड्यात काढलं. एल्विसने ते गाणं कधीच रेकॉर्ड केलं नाही आणि 1977 साली तो गेला.

तू आत्ता नेमकी याच जागी उभी आहेस, म्हणून हा भाग मी लांबवून सांगितला. आपल्यापेक्षा कितीतरी मोठं नाव समोर असताना नाही म्हणायचं, तेही पुढे काही मिळेल याची कसलीही खात्री नसताना. डॉलीला तेव्हा 1992 साल दिसत नव्हतं.

मधल्या काळात गाणं थांबलं नव्हतं. 1975 साली लिंडा रॉनस्टॅटने ते गायलं. 1982 साली 'द बेस्ट लिटल व्होअरहाउस इन टेक्सस' या चित्रपटात डॉलीने स्वतः भूमिका केली, बर्ट रेनॉल्ड्सच्या पात्राचा निरोप घेताना तेच गाणं पुन्हा नव्याने गायलं, आणि ते कंट्री यादीत दुसऱ्यांदा पहिलं आलं. एकाच गाण्याने एकाच गायिकेला असं यश दोनदा मिळणं तोवर घडलं नव्हतं.

मग 1992 साली 'द बॉडीगार्ड' हा चित्रपट आला. व्हिटनी एका प्रसिद्ध गायिकेच्या भूमिकेत, केव्हिन कॉस्टनर तिच्या रक्षकाच्या. शेवटासाठी आधी वेगळंच जुनं गाणं ठरलं होतं, पण ते दुसऱ्या एका चित्रपटात येऊन गेलं. तेव्हा कॉस्टनरने हे गाणं सुचवलं, तेही रॉनस्टॅटच्या आवाजातलं. संगीत निर्माता डेव्हिड फॉस्टर त्याच रेकॉर्डवरून काम करत होता. त्याने डॉलीला फोन केला तेव्हा कळलं, की रॉनस्टॅटने शेवटचं कडवं गाळलं होतं. डॉलीने ते फोनवर सांगितलं. ते कडवं आलं नसतं तर व्हिटनीच्या गाण्याचा शेवट आज आहे तसा झाला नसता. गीतकाराला फोन लावणं किती मोलाचं असतं, हे मी प्रत्येक संगीतकाराला सांगेन.

सुरुवात वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजात व्हावी हा हट्टही कॉस्टनरचा. रेडिओवर असं चालेल का अशी शंका होती. पण पडद्यावर निरोप घेणाऱ्या बाईचा आवाज आधी एकटाच ऐकू आला पाहिजे, हे त्या माणसाला कळलं होतं. व्हिटनी न्यूअर्कच्या चर्चमध्ये गात मोठी झालेली. डॉलीने जे पुटपुटल्यासारखं, जवळ बसून सांगितलं होतं, ते तिने सगळ्या जगाला ऐकू जाईल असं गायलं. बोललेलं कडवंही गायलं गेलं. गाण्याची चालही तीच होती आणि शब्दही तेच, पण गाणं पूर्ण वेगळं झालं. मला दोन्ही आवडतात आणि मला त्यांत निवड करावीशी वाटत नाही.

त्याच चित्रपटात आधी एका साध्या बारमध्ये ही दोघं नाचतात, तेव्हा हेच गाणं ज्यूकबॉक्सवर एका पुरुषाच्या आवाजात वाजत असतं. ती त्या गाण्याच्या दुःखीपणाला हसते. शेवटी तेच शब्द तिच्याच तोंडी येतात. चांगला दिग्दर्शक गाणं नुसतं टाकत नाही, त्याला कथेत आधी पेरून ठेवतो. तुझ्या दिग्दर्शकाला विचार, की तुझं गाणं चित्रपटात कितीदा आणि कुठे येणार आहे. त्याच्या उत्तरावरून त्याला गाणं खरंच कळलंय की नुसतं यूट्यूबवरचे आकडे दिसलेत, ते तुला समजेल.

व्हिटनीचं गाणं अमेरिकेच्या मुख्य यादीत सलग 14 आठवडे पहिलं राहिलं. त्या वेळेपर्यंतचा तो विक्रम होता. चित्रपटाच्या अल्बमच्या जगभरात 4 कोटींहून अधिक प्रती गेल्या. डॉलीने ते पहिल्यांदा गाडीत रेडिओवर ऐकलं आणि तिला गाडी बाजूला घ्यावी लागली. तिच्याकडे हक्क अखंड होते. त्यामुळे विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे आणि रेडिओवरच्या प्रत्येक वाजण्यामागे लेखिका आणि प्रकाशक असे दोन्ही वाटे तिच्याकडे आले. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की गाणाऱ्याला काही मिळत नाही, लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळतं. त्या पैशातून तिने नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीय वस्तीत एक व्यापारी संकुल विकत घेतलं आणि ती जागा व्हिटनीमुळे उभी राहिली असं ती कौतुकाने सांगते.

आता तुझ्याकडे येऊ. दुसरी गायिका गाणार याचं तुला वाईट वाटतंय, ते अगदी खरं आहे. पण तुझं रेकॉर्डिंग पुसलं जात नाही. व्हिटनीनंतर लोक डॉलीचं मूळ गाणं शोधत गेले. चित्रपटातलं गाणं आवडलेला माणूस तुझ्या चॅनलवर येईल, फक्त तो व्हिडिओ तिथे राहिला पाहिजे. हे मी मुद्दाम सांगते. तू रेकॉर्डिंगचेही हक्क दिलेस, तर उद्या म्युझिक कंपनी कंटेंट आयडी, म्हणजे गाणी आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा, लावून तुझ्याच व्हिडिओवर दावा करू शकते. स्वतःच्या आवाजातलं स्वतःचं गाणं स्वतःच्या चॅनलवरून उतरवावं लागणं याहून वाईट काही नाही. तेव्हा आवाज दुसरीचा चालेल, पण माझं मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे राहील आणि माझ्या चॅनलवर चालू राहील, हे करारात स्पष्ट लिहून घे. श्रेयनामावलीत आणि स्पॉटिफाय, जिओसावन यांसारख्या अ‍ॅपवर गीत आणि संगीत म्हणून तुझं नाव असेल, हेही घाल.

लग्नाच्या प्रसंगाबद्दल तू फार कष्टी होऊ नकोस. डॉलीचं निरोपाचं गाणं जगभर लग्नांत वाजतं. 2012 साली व्हिटनी गेली तेव्हा तिच्या अंत्यविधीत शवपेटी बाहेर नेतानाही ते वाजलं. लग्न आणि मरण ही दोन्ही टोकं त्या गाण्याने पेलली. तू लिहिलेल्या शब्दांत जर लग्नातल्या माणसांना स्वतःचं काही सापडत असेल, तर तो तुझ्या लेखणीचा गुण आहे. शिवाय आपल्याकडे लग्नात पाठवणी असतेच, आणि तिथे निरोपाचं गाणं अजिबात परकं वाटणार नाही. दिग्दर्शकाला हे सुचवून बघ. मात्र शब्द बदलायचे असतील, कडवं गाळायचं असेल, तर तुझी लेखी संमती लागेल ही अट ठेव. फॉस्टरच्या फोनची गोष्ट त्यांना सांगितलीस तरी हरकत नाही.

हक्कांच्या बाबतीत मात्र नीट बस आणि वाच. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. चित्रपटासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली म्हटलं, आणि पुढची कित्येक वर्षं गीतकार-संगीतकार एकरकमी मानधन घेऊन घरी जात राहिले. 2012 साली कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी जोर लावला होता. आता चित्रपटात गेलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला, म्हणजे गाणं वापरलं जाईल तसतशा मिळणाऱ्या पैशातला, गीतकार-संगीतकाराचा समान वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. थिएटरात चित्रपट दाखवून होणारी कमाई तेवढी यातून वगळली आहे. टीव्ही, रेडिओ, ऑनलाइन, हॉटेलं, जाहीर कार्यक्रम या सगळ्यांत तुझा वाटा आहे. म्हणून तुझ्या करारात 'पुढे कोणतीही रॉयल्टी देय नाही' असं वाक्य असेल, तर ते कायद्यापुढे टिकणारं नाही. तरी ते खोडून घे. नंतर भांडत बसण्यापेक्षा आधी खोडलेलं बरं.

तुझी बाजू आणखी एका कारणाने भक्कम आहे. हे गाणं चित्रपटासाठी लिहिलेलंच नाही, ते आधीपासून आहे. सही करेपर्यंत शब्द आणि चाल पूर्णपणे तुझी. निर्मात्याला ते चित्रपटात वापरायला तुझी परवानगी हवी, त्याला मालकी लागतच नाही. घर भाड्याने देणं आणि घर विकणं यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. तू लायसन्स दे: या एका चित्रपटासाठी, त्याच्या ट्रेलर आणि जाहिरातीसह, टीव्ही आणि ओटीटीसह. रिमिक्स, दुसऱ्या भाषेतली आवृत्ती, दुसरा चित्रपट, एखाद्या कंपनीची जाहिरात, यासाठी पुन्हा विचारायचं आणि पुन्हा पैसे द्यायचे.

'कायमचे' आणि 'जगभरासाठी' हे शब्द करारात का घालतात ठाऊक आहे? हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. त्या दोन शब्दांनी हे संरक्षण जातं. तेव्हा तिथे आकडा घाल. सात वर्षं, दहा वर्षं, जे जमेल ते. आणि चित्रपट दोन वर्षांत प्रदर्शित झाला नाही तर परवानगी आपोआप संपेल, हेही लिही. आपले किती चित्रपट पूर्ण होऊन डब्यात राहतात, ते तू जाणतेस. गाणं त्यांच्याबरोबर अडकून पडायला नको.

ते म्हणतील, एवढ्या अटी असतील तर पैसे कमी देऊ. मग कमी घे. मी हे सहज म्हणत नाहीये. शाळेच्या पगारावर घर चालवणाऱ्या मुलीला एकरकमी आकडा किती मोठा दिसतो याची मला कल्पना आहे. पण कॉपीराइट तुझ्या हयातीत असतो आणि त्यानंतर साठ वर्षं. आज सत्तावीस वर्षांची असताना तू जो कागद सही करशील, त्याचे परिणाम तुझी नातवंडं बघतील.

सहीपूर्वी दोन कामं कर. मुंबईत इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची संस्था आहे. तिचं सभासदत्व घेऊन हे गाणं तुझ्या नावाने नोंदव, म्हणजे रॉयल्टी तुझ्यापर्यंत पोचण्याची वाट तयार होईल. दुसरं, तुझ्या रेकॉर्डिंगवर आणखी कुणी वाजवलं असेल, एखादी सुरावट सुचवली असेल, तर त्याच्याशी आत्ताच बोल आणि कुणाचा किती वाटा हे दोघांच्या सहीने लिहून ठेव. गाणं गाजल्यावर हे बोलणं अवघड होतं आणि मैत्री तुटते. मग करार कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला दाखव. निर्मात्याचा वकील कितीही गोड बोलला तरी तो निर्मात्याचा वकील आहे.

घरच्यांना सांग, की मी संधी नाकारत नाहीये, अटी बदलून मागतेय. दिग्दर्शकाला गाणं खरंच हवं असेल तर तो बोलायला बसेल. नाही बसला, तर तुला रडू येईल, आणि ते येऊ दे. गाणं तुझ्याकडेच असेल आणि दुसरा कुणी विचारायला येऊ शकेल.

राहिला तो माणूस. त्याची परवानगी तुला लागत नाही. तुझा अनुभव, तुझे शब्द, आणि त्यात त्याचं नाव नाही. पण चित्रपट येण्याआधी त्याला तुझ्याकडून कळावं असं मला वाटतं. कुठल्याशा लग्नात बँडवाल्याने वाजवल्यावर त्याला ते ओळखू येणं बरं नाही. डॉलीने ते गाणं जगाला ऐकवण्याआधी पोर्टर वॅगनरला ऐकवलं होतं. पुढे त्याने तिच्यावर दावा लावला, तो न्यायालयाबाहेर मिटला, बरीच वर्षं कडवट गेली. तरी 2007 साली, त्याच्या अखेरच्या वर्षात, त्याच्या सत्कारात तिने तेच गाणं त्याच्यासमोर गायलं. तुमच्यात तर भांडणही नाही. एक छोटा फोन कर: गाणं चित्रपटात जातंय, तुला आधी सांगावंसं वाटलं. त्याने काही विचारलं तर उत्तर दे, नाही विचारलं तर शुभेच्छा देऊन फोन ठेव. पण हा फोन कराराचं काम मार्गी लागल्यावर कर. या आठवड्यात दिग्दर्शकाला कळव, की कराराचा मसुदा वकिलाला दाखवून पंधरा दिवसांत उत्तर देते.